आमदारांच्या पत्रापेक्षा तुमची पोच मोठी

माझ्या टेबलावर डाव्या हाताला आवक-जावकचं रजिस्टर असतं. साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात एकोणीस वर्षं मी ते भरत आले. कोण आलं, कुठून आलं, काम काय, पत्र कोणाच्या नावे दिलं, जावक क्रमांक किती. पुण्यातल्या दांडेकर पुलापासून येरवड्यापर्यंतची माणसं त्या पानांवर आहेत. आता साहेबांची आमदारकीची मुदत संपत आली आहे आणि ते पुन्हा उभे राहणार नाहीत. महिनाअखेरीला कार्यालय बंद होईल. साहेबांनी मला सांगितलं, फोटोंचा कार्यअहवाल छापायचा नाही. लोक ज्या कामांसाठी आपल्याकडे येत होते, ती त्यांना आपली आपण कशी करता येतील तेवढं लिहून दे.

म्हणून हे लिहायला बसले. सगळी कामं यात येणार नाहीत. रजिस्टरची सर्वांत जास्त पानं ज्यांनी भरली आहेत त्यांच्याबद्दल लिहिते : थकलेला पगार, बुडालेला पीएफ (भविष्य निधी), न मिळालेली ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम) आणि सरकारी दाखले.

आधी पत्राबद्दल, कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते.

"ताई, साहेबांचं एक पत्र द्या, काम होईल." हे वाक्य मी रोज ऐकलं. पत्रं मीच टाइप करायचे. अशी हजारो पत्रं दिल्यावर आज मी जबाबदारीने सांगते की आमदाराचं पत्र ही शिफारस असते. शिफारशीला मुदत नसते, अर्जाला असते. पत्रावर अधिकारी 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारून ते खाली पाठवतात आणि खालच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, अर्ज कुठे आहे? अर्ज नसेल तर पत्र फाईलला लागतं आणि तिथेच राहतं.

मला हे कळायला एक प्रसंग घडावा लागला. एका मोठ्या खासगी संकुलात सफाईचं काम करणाऱ्या सात बायका आल्या होत्या. ठेकेदार बदलला होता, जुन्याने जाताना तीन महिन्यांचा पगार दिला नव्हता. मी छान भाषेत पत्र लिहिलं, 'गरीब महिला कामगारांना न्याय मिळावा' वगैरे. साहेबांची सही घेतली, पाठवलं. चार महिने काही हललं नाही. दिवाळी तशीच गेली. पाचव्या महिन्यात त्यांच्यातली एक मावशी परत आली आणि पत्राची झेरॉक्स पुढे ठेवून म्हणाली, "ताई, यात माझं नावच नाही." खरंच नव्हतं. नाव नाही, रक्कम नाही, महिना नाही, ठेकेदाराचा पत्ता नाही. अधिकाऱ्याने कारवाई कशावर करायची?

त्या दिवशी आम्ही दुपारभर जमिनीवर बसून सात जणींचे सात अर्ज केले. प्रत्येकीचा महिनावार हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः अर्ज देऊन पोच घेऊन आल्या. सुनावणीची तारीख लागली आणि तिसऱ्या तारखेला पैसे मिळाले. ते चार महिने माझ्या पत्राने वाया घालवले, हे मी विसरले नाही. त्यानंतर मी कोणालाही अर्जाशिवाय पत्र दिलं नाही.

पोच कशी घ्यायची

अर्जाच्या दोन प्रती करा. दोन्हींवर तारीख, सही आणि मोबाइल नंबर. सरकारी कार्यालयात आवक टपाल घेणारा वेगळा टेबल असतो, काही ठिकाणी त्याला अजूनही बारनिशी म्हणतात. थेट अधिकाऱ्यांच्या केबिनकडे जाऊ नका, आधी तिथे जा. एक प्रत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसता शिक्का पुरेसा नाही, क्रमांक हवा. पुढे चौकशीला गेलात की त्या क्रमांकानेच फाईल सापडते. शिक्का मिळाला की तिथेच मोबाइलवर फोटो काढा आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत भिजून पुसट झालेल्या पोच मी खूप पाहिल्या आहेत.

"साहेब नाहीत, उद्या या" असं म्हणाले तर वाद घालू नका. अर्ज घ्यायला साहेब असावे लागत नाहीत, एवढं शांतपणे सांगा. तरीही घेतला नाही तर बाहेर पडून सरळ पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पूर्वी आम्ही रजिस्टर ए.डी. सांगायचो. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केलं आहे. पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. टपाल पोचल्याचा पुरावा ऑनलाइन दिसतो, त्याचाही फोटो ठेवा.

मूळ कागद कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

भांडण होण्याआधीचे पुरावे

माझ्याकडे येणारे लोक पगार बुडाल्यावर यायचे, आणि तोवर पुरावा गेलेला असायचा. ओळखपत्र ठेकेदाराने परत घेतलेलं, गणवेश जमा केलेला, हजेरीपट त्याच्याच ताब्यात. मग "मी तिथे कामाला होतो" हेच सिद्ध करायला दोन-दोन तारखा जातात. म्हणून नोकरी चांगली चालली असतानाच या गोष्टी करा.

नेमणुकीचं पत्र मागा. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांत नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. नसेल मिळालं तर तोंडी मागून गप्प बसू नका, व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. उत्तर आलं नाही तरी तुम्ही मागितल्याची नोंद राहते.

ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जमलं तर महिन्यातून एकदा हजेरीपटाच्या आपल्या पानाचा फोटो. सुपरवायझरचे "उद्या सातला या", "आज ओव्हरटाइम आहे" असे मेसेज पुसू नका. फोन बदलताना ते हरवतात, त्याआधी जपून ठेवा.

आणि एक वही करा. साधी, शाळेच्या मुलांची असते तशी. तारीख, कामाची जागा, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, खाडा झाला असेल तर कारण, पगार किती आणि कधी मिळाला. रोज दोन ओळी. एका वॉचमन काकांनी अशी वही सहा वर्षं लिहिली होती. पानापानावर पेनाची शाई वेगळी, मध्येच नातीने काढलेली चित्रं. ती वही पाहून ती नंतर बसून लिहिली आहे असं कोणी म्हणू शकलं नाही. रोखीने पगार घेणाऱ्यांसाठी तर ही वही म्हणजे जीव आहे.

तीन गोष्टी अजिबात करू नका. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. एटीएम कार्ड आणि पिन सुपरवायझरकडे ठेवू नका. खात्यात पूर्ण पगार जमा दाखवायचा आणि त्यातले काही हजार रोखीने परत घ्यायचे, हा प्रकार मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की कार्ड मागितलं की तिथेच सावध व्हा. आणि दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. घेतलीच जबरदस्तीने, तर दुसऱ्याच दिवशी "काल अमुक वाजता, अमुक ठिकाणी, माझ्या इच्छेविरुद्ध सही घेतली" असं मालकाला आणि कामगार कार्यालयाला लिहून कळवा. महिन्याने कळवलंत तर त्याला वजन राहत नाही.

पगार थकला तर

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. काम सोडलं, काढून टाकलं किंवा राजीनामा दिला, तर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. पगारासंबंधीची ही कलमं सफाई कामगारालाही लागू आहेत आणि हिंजवडीतल्या इंजिनिअरलाही, पगाराच्या आकड्याची अट नाही. 'फुल अँड फायनल' म्हणून महिनोन्महिने लटकवलेली आयटीतली मुलं आमच्याकडे यायची तेव्हा त्यांना वाटायचं की कामगार कार्यालय आपल्यासाठी नाही. पगार थकला असेल तर ते त्यांच्यासाठीही आहे.

किती पगार थकला हे मांडताना एक गोष्ट बघा. ठरलेला पगारच किमान वेतनापेक्षा कमी नव्हता ना? किमान वेतन उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे (म्हणजे भागाप्रमाणे) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीप्रमाणे ठरतं. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. चालू तक्ता कामगार कार्यालयात मागा. फरकाची रक्कमही दाव्यात मागता येते, आणि बहुतेक जण ती मागायचीच विसरतात.

आपण ठेकेदाराकडे असू तर अर्जात दोन नावं घाला : ठेकेदाराचं आणि ज्याच्या जागेत काम करतो त्या मूळ मालकाचं. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ठेकेदार रातोरात फोन बंद करून नाहीसा होतो, पण इमारत कुठे जात नाही. त्या सात जणींचे पैसे याच कारणाने मिळाले.

आमच्या कार्यालयात टाइप करून ठेवलेला नमुना देते. आपापली माहिती घालून हाताने लिहिला तरी चालतो.

*प्रति,*
*मा. सहायक कामगार आयुक्त,*
*अपर कामगार आयुक्त कार्यालय, शिवाजीनगर, पुणे.*

*विषय : ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांचे थकीत वेतन मिळण्याबाबत.*

*अर्जदार : (पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल)*
*विरुद्ध : १) (ठेकेदाराचे नाव व पत्ता) २) (मूळ मालकाचे नाव व कामाच्या जागेचा पत्ता)*

*महोदय,*
*मी वरील क्र. २ यांच्या जागेत क्र. १ यांच्यामार्फत दि. ... पासून सफाई कामगार म्हणून काम करत होते. माझे मासिक वेतन रु. १४,००० होते. ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर हे तिन्ही महिने मी पूर्ण काम केले. या काळाच्या एकूण रु. ४२,००० वेतनापैकी मला दि. ... रोजी रु. ४,००० मिळाले. उर्वरित रु. ३८,००० मागणी करूनही मिळालेले नाहीत. दि. ... रोजी मी व्हॉट्सअॅपवर मागणी केली होती, प्रत सोबत जोडली आहे.*
*तरी दोन्ही गैरअर्जदारांना बोलावून माझे थकीत वेतन मिळवून द्यावे, ही विनंती.*
*सोबत : ओळखपत्र, पासबुकाची पाने, हजेरीचे फोटो, मेसेजच्या प्रती.*
*दिनांक, सही.*

यात रडगाणं नाही, शिव्या नाहीत, 'गरीब' हा शब्दही नाही. तुम्ही भीक मागत नाही, केलेल्या कामाचे पैसे मागता. महिने आणि आकडे मात्र अचूक पाहिजेत.

राज्याचं कामगार कार्यालय शिवाजीनगरला, मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीच्या बाजूला आहे. पण आस्थापना केंद्राच्या अखत्यारीतली असेल, म्हणजे रेल्वे किंवा खडकीची अम्युनिशन फॅक्टरी, तर तिथल्या ठेका कामगारांनी केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायचं असतं. चुकीच्या दारात अर्ज देऊन लोकांचे महिने जातात, म्हणून आवक टेबलावरच विचारून घ्या.

थकीत पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो. नोकरीतून बेकायदा काढलं असेल आणि परत कामावर जायचं असेल तर ती वेगळी तक्रार. समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज देऊन ४५ दिवस झाले आणि काही निघालं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. "बघू, मालक बोलावतील" म्हणून थांबलेल्यांची मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे. फार वाईट वाटतं ते सांगताना.

सुनावणीची तारीख चुकवू नका. एक दिवसाची मजुरी जाईल, तरी जा. मालकाचा माणूस आला नाही तरी तुम्ही हजर होतात याची नोंद करून घ्या. आणि तडजोड ठरली तर 'सर्व हिशेब पूर्ण मिळाला' या कागदावर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही करू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

वकील हवा असेल आणि परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे सगळ्या स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. मिळकत कितीही असो. हेल्पलाइन १५१०० आहे. साहेबांच्या ओळखीचा वकील शोधत येणाऱ्या बायकांना मी तिकडे पाठवायचे आणि बहुतेकींना हे पहिल्यांदाच कळत असे.

पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी

वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागू होतो. पगारातून १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालकाने घालायचे. मागच्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले गेले पाहिजेत. स्लिपवर कपात दिसते म्हणजे पैसे भरले, असं समजू नका. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा तुमचा बारा अंकी नंबर, चालू करा आणि दर तीन महिन्यांनी पासबुक बघा. कपात झाली पण जमा नाही, असं दिसलं तर स्लिप आणि पासबुक दोन्ही जोडून ईपीएफओकडे, म्हणजे भविष्य निधी संघटनेकडे, तक्रार करा. ती ऑनलाइन होते, नाहीतर गोळीबार मैदानाजवळच्या भविष्य निधी भवनात. पिंपरी-चिंचवडकरांना आकुर्डी. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमाही हवा. तुमची कपात फक्त ०.७५ टक्के, आणि घरच्यांसह उपचार बिबवेवाडीच्या रुग्णालयात मिळतात. ईएसआय कार्ड पाकिटात असून कर्ज काढून खासगीत गेलेले लोक मी पाहिले. कार्ड काढा आणि वापरा.

ग्रॅच्युइटीचा हिशेब घरी करता येतो. शेवटचा पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. समजा शेवटचा पगार १३,००० आणि नोकरी १२ वर्षं. १३,००० ला २६ ने भागलं की ५००, त्याचे १५ पट ७,५००, आणि १२ वर्षांचे ९०,०००. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. पाच वर्षं नोकरी झाल्याची अट कायम आहे, पण ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. लेखी मागा. देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची असते.

स्लिपवर मूळ पगार अगदी कमी आणि बाकी सगळे भत्ते, असं असेल तर लक्ष द्या. नव्या संहितांतल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर निम्म्यापेक्षा जास्तीची रक्कम वेतनात धरावी लागते. ग्रॅच्युइटी त्याने वाढते.

ज्यांना एक मालक नाही

हे लिहिताना मला आमच्या शहराचा अभिमान वाटतो. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला कायद्याने कामगार मानलं ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, १९६९ च्या माथाडी कायद्याने. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, हमालांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली इथेच उभी राहिली. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, घरकाम करणाऱ्यांसाठी २००८ चा. साहेब नेहमी म्हणत की सभागृहात हात वर करणं सोपं असतं, ते विधेयक तिथपर्यंत आणायला रस्त्यावरच्या माणसांना वर्षं घालवावी लागतात. इतक्या कष्टाने मिळालेल्या या कायद्यांखालच्या मंडळांत नोंदणीच केली नाही तर काही पदरात पडत नाही.

घरकाम करणाऱ्या १८ ते ६० वयाच्या बायकांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. ज्या घरी काम करता त्यांच्याकडून दाखला लागतो. काही घरांतले लोक सही द्यायला घाबरतात, त्यांना वाटतं आपल्यावर काही बोजा येईल. त्यांना समजावून सांगा, की हा दाखला फक्त तुम्ही काम करता एवढंच सांगतो. आणि हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी कामाला ताई येत असतील, तर त्यांनी मागायची वाट बघू नका, स्वतःहून सही करून द्या.

बांधकाम मजुरांनी, म्हणजे गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशीवाले, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायचं. वय १८ ते ६०, आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र बिल्डर किंवा ठेकेदार देतो, किंवा महापालिकेचा अधिकारी, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). मंडळाचा पैसा बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तुमच्याच घामातून. नोंदणीची सरकारी फी अगदी नाममात्र आहे. दोन हजार, तीन हजार मागणारा एजंट तुम्हाला लुटतो आहे. मजूर अड्ड्यावर सकाळी असे लोक फॉर्म घेऊन फिरतात. त्यांच्याकडे आधार आणि मोबाइलवरचा ओटीपी देऊ नका. एका बिगाऱ्याच्या नावावर दुसऱ्याच कोणाचा बँक खाते क्रमांक घातलेला आमच्याकडे सापडला होता, तो दुरुस्त करायला आठ महिने लागले.

डिलिव्हरीची आणि कॅबची कामं करणाऱ्या मुलांनी केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची पहिल्यांदा दखल घेतली आहे, आणि नोंदणी त्याची पहिली पायरी आहे.

दाखले आणि लोकसेवा हक्क

२०१५ साली आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदा आला. २८ एप्रिल हा त्याचा दिवस. या कायद्याने आमदारांच्या पत्राची गरज खरं तर तेव्हाच संपायला हवी होती. प्रत्येक कार्यालयात फलक लावणं बंधनकारक आहे : कोणती सेवा, किती दिवसांत, फी किती, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायला जबाबदार असलेला) कोण, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे. खिडकीवर रांगेत उभं राहण्याआधी तो फलक वाचा आणि त्याचा फोटो काढा. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस आहेत.

अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात द्या आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मुदत मोजायची ती याच क्रमांकावरून. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथे काम झालं नाही तर ३० दिवसांत दुसरं. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे, ६० दिवसांत. पुरेशा कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. "सर्व्हर बंद आहे" हे कारण तोंडी सांगितलं तर तेही लिहून मागा.

फाईल कुठे अडली आहे हेच कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका. "माझा अमुक तारखेचा, अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता, त्यावरच्या शेऱ्यांच्या प्रती द्या" असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. बऱ्याचदा उत्तराच्या आधी कामच होतं.

आणि जिल्हाधिकारी कार्यालयात, ससूनच्या जवळ, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. त्या दिवशी सकाळी कागद घेऊन जाऊ नका, परत पाठवतील.

बायकांसाठी वेगळं

कामाच्या ठिकाणी कोणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, रात्री मेसेज करत असेल, तर लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल, किंवा तुम्ही घरकाम करत असाल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात तिची चौकशी करा. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीनेच लिहायला मदत करायची असते. माझ्या टेबलासमोर अशा बायका बसायच्या तेव्हा त्या आधी रेशनकार्डाचं, पाण्याच्या बिलाचं बोलायच्या. उठता उठता खरं सांगायच्या. उशीर करू नका, मैत्रिणीला सोबत घ्या, पण जा.

गरोदर असाल तर हेही लक्षात ठेवा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्या काळात कामावरून काढता येत नाही.

आता कार्यालयातल्या कागदांबद्दल. कपाटात अजून पुष्कळ पाकिटं आहेत. कोणाची मूळ मार्कशीट, कोणाचं जुनं रेशनकार्ड, दोन पासबुकं, एका काकांचं १९८४ सालचं नेमणूकपत्र. घाईत तुम्ही ठेवून गेलात आणि मीही ठेवून घेतली, ते बरोबर नव्हतं. महिनाअखेरीपर्यंत रविवार सोडून रोज सकाळी दहा ते दुपारी दोन मी बसलेली आहे. ज्यांची कामं अर्धवट आहेत त्यांच्या फाईलची झेरॉक्स, आजवरचे आवक क्रमांक आणि पुढची तारीख एका कागदावर लिहून मी तयार ठेवली आहे. स्वतः या, दुसऱ्याला पाठवू नका, आधार कार्ड सोबत आणा. कागद मोजून घ्या आणि रजिस्टरवर सही करा. प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली पोच मी माझ्या सहीने तुम्हाला देईन, ती घेतल्याशिवाय जाऊ नका.